चार, एक, सात, दोन

शूटिंग संपलं की सगळं सामान परत जातं. कॅमेरा भाड्याचा, तो जातो. लाइट जातात. शेजारच्या राणेकाकूंच्या चार खुर्च्या, दोनदा आठवण केल्यावर, जातात. किस्से मात्र परत न्यायला कोणी येत नाही. ज्याच्या घरात शूटिंग झालं त्याच्याकडेच ते पडून राहतात आणि पाहुणे आले की बाहेर काढावे लागतात.

'चालू मीटर' या सिनेमाचं निम्मं शूटिंग आमच्या चारकोपच्या घरात झालं. सिनेमा एक तास पन्नास मिनिटांचा आहे. किस्से त्याहून लांब आहेत.

मी कंटिन्युइटी बघते. म्हणजे हिरोचं पेन पहिल्या शॉटमध्ये डाव्या खिशात असेल तर दुसऱ्या शॉटमध्येही डाव्याच खिशात आहे ना, हे बघणारी बाई. सेटवर या बाईला कोणी काही विचारत नाही. चूक झाली की मात्र सगळे तिलाच विचारतात. या सिनेमातली सगळ्यात मोठी चूक माझीच होती, तीही सांगते. पण ओळीने.

*

दिग्दर्शक प्रसाद, मुलुंडचा. बारा वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांवर असिस्टंट म्हणून राबला आणि मग स्वतःचा सिनेमा लिहिला. गोष्ट अशी: एका म्हातारीचा मुलगा नाहीसा होतो. सगळे म्हणतात, दुबईला गेला. पोलीसही तेच म्हणतात. फक्त घरोघरचे विजेचे मीटर वाचणाऱ्या माणसाच्या लक्षात येतं की मुलाच्या कारखान्याच्या गाळ्याला सहा महिने कुलूप आहे, पण गाळ्याचा मीटर पळतोय. आत डीप फ्रीझर चालू. फ्रीझरमध्ये मुलगा.

निर्मात्याने गोष्ट ऐकली आणि विचारलं, "हिरो पोलीस नाही?"

"नाही."

"वकील? पत्रकार?"

"मीटर रीडर."

"मग मारामारी कोण करणार?"

"कोणीच नाही."

निर्मात्याने बोटांवर काही हिशेब केला. मग म्हणाला, "म्हणजे स्वस्तात होईल!"

अशा रीतीने मराठीतला एक वेगळा विषय मार्गी लागला.

*

हिरो म्हणून मालिकेतला एक देखणा नट ठरला होता. त्याला मीटर कसा वाचतात ते शिकवायला खरा मीटर रीडर हवा होता. मी म्हटलं, आमच्याकडे येतो ना एक.

आमच्या सेक्टरमधली घरं बैठी. बांधली तेव्हा मीटर बाहेर व्हरांड्यात होते. मग एकेकाने व्हरांडा बंद करून आत घेतला, आणि मीटरही आपसूक घरात आले. त्यामुळे रीडिंगला येणाऱ्या माणसाला दर महिन्याला प्रत्येक दार वाजवावं लागतं. बाहेरून आवाज येतो, "मीटर!" आतून आई ओरडते, "मीटरवालो इलो गो!" मी किंवा ती दार उघडते. तो वर बघतो, मशीनमध्ये आकडा टाकतो, आईने दिलेलं पाणी पितो, जातो. चौदा वर्षं हेच चाललं होतं.

त्या दिवशी मी त्यांना गल्लीत गाठलं आणि विचारलं, "काका, तुमचं नाव काय?"

त्यांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"माझं?" ते म्हणाले. "सुदाम इंगळे."

मला हसू आलं, कारण माझ्या वडिलांचं नावही सुदाम. मी शुभांगी सुदाम परब. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. म्हटलं, बरा योगायोग आहे. एवढंच म्हटलं. त्यापुढे विचार करायचं काम माझ्या डोक्याने तिथेच बंद केलं.

इंगळे ट्रेनिंगला आले. नटाने वही उघडून अदबीने विचारलं, "सर, आधी तुमची बॅकस्टोरी सांगा ना."

"बॅकची लाइन माझ्याकडे नाय," इंगळे म्हणाले. "ती पाटील बघतो."

*

शूटिंगच्या पहिल्या दोन दिवसांत प्रसादने म्हातारीचे एकटीचे सीन उरकून घेतले. म्हातारी म्हणून जी नटी ठरली होती तिचे गुडघे ऐन वेळी धरले. घर आमचं, ओटा आमचा, पातेली आमची. प्रसादने ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, तुम्ही नुसतं रोजचं काम करा. आम्ही लांबून घेतो."

आई शहात्तर वर्षांची. बाबा गिरणीत होते, ती गिरगावातल्या खोलीतून चारकोपला आली तीही गिरणी बंद पडल्यावर. कॅमेऱ्याला ती अजिबात बुजली नाही. दोन दिवस तिने भात टाकला, खिडकीत बसली, मुलाची वाट बघितली. वाट बघण्याचा अभिनय इतका उत्तम झाला की प्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं तर ती गॅसवाल्याची वाट बघत होती.

तिसऱ्या दिवशी त्या देखण्या नटाला रोजची मालिका मिळाली आणि त्याचा फोन बंद झाला. प्रसाद आमच्या पायरीवर डोकं धरून बसला. कॅमेरा सोळा दिवसांसाठी आणलेला, त्यातले दोन गेलेले. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मीटर!"

प्रसादने डोकं वर केलं.

"काका, रजा मिळेल का तुम्हाला?"

"मिळंल ना," इंगळे म्हणाले. "बत्तीस वर्षांची बाकी आहे."

पण त्यांची एक अट होती. स्क्रिप्टमध्ये हिरोला नाव नव्हतं, सगळीकडे नुसतं 'मीटरवाला' लिहिलं होतं. प्रसादने समजावलं, "काका, ते मुद्दाम आहे. हा सामान्य माणूस आहे. त्याला नाव नसतं."

"असतं," इंगळे म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, बत्तीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहतोय. आतून आवाज येतो, मीटरवाला आला. पुढच्या वर्षी रिटायर. त्याच्या आत कधीतरी एकदा कोणीतरी दार उघडून नावाने ये म्हटलं पायजे. पिक्चरमध्ये का होईना. बाकी काय नको."

प्रसाद हेलावला. त्याने तिथल्या तिथे शेवटचा सीन बदलला. सिनेमाभर 'मीटरवाला' म्हणणारी म्हातारी शेवटी दार उघडते आणि पहिल्यांदा नावाने हाक मारते: "ये रे, सुदाम." सगळ्यांना फार आवडलं. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. म्हातारी म्हणजे माझी आई, तिचे दोन दिवसांचे सीन कॅमेऱ्यात बंद झालेले, आता बाई बदलता येणार नाही, आणि सुदाम म्हणजे कोण, हे एका माणसाला कळायला हवं होतं. तो माणूस टाळ्या वाजवत होता.

*

हिरोचा पहिला सीन. म्हातारी दार उघडते, तो वर बघतो आणि म्हणतो, "चार, एक, सात, दोन."

हा आकडा महत्त्वाचा होता. शेवटच्या सीनमध्ये तो पुन्हा येतो. मुलाची बातमी कळल्यावर महिन्याने हिरो रीडिंगला येतो, आणि आकडा तोच! म्हणजे महिनाभर म्हातारीने घरात दिवा लावलेला नाही. प्रसादने हे सांगितलं तेव्हा युनिट सुन्न झालं.

आई म्हणाली, "म्हयनोभर दिवो लावूक नाय? मगे माजो फ्रीज खय गेलो?"

"काकू, सिनेमात फ्रीज नाहीये."

आईने फ्रीजकडे बघितलं. कॅमेऱ्यानेही बघितलं. मी वहीत लिहिलं: फ्रीज हलवणे.

अॅक्शन झालं. इंगळे आले, वर बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आठ, दोन, एक, चार."

"कट! काका, चार एक सात दोन."

"हो."

दुसरा टेक. "आठ, दोन, एक, चार."

"काका, पाठ होत नाहीये का?"

"पाठ आहे ना. चार एक सात दोन."

"मग?"

"पण वर आठ दोन एक चार आहे."

प्रसादने कला विभागाला बोलावलं. कला विभाग म्हणजे एकच माणूस. त्याने सुबक आकड्यांचा स्टिकर करून मीटरच्या काचेवर चिकटवला. तिसरा टेक. इंगळेंनी वर बघितलं. बघतच राहिले. मग सावकाश युनिटकडे वळून म्हणाले, "मीटरला छेडछाड झालेली आहे. कोणी केली?"

कॅमेरा चालू होता. कला विभागाने हात वर केला.

मग कुठूनसा भंगारातला जुना मीटर आणून भिंतीवर टांगला. त्यावर खरोखरच ४१७२ होतं. इंगळेंनी वर बघितलं आणि म्हणाले, "मीटर बंद." नियमाप्रमाणे बंद मीटरचं रीडिंग घेत नाहीत.

शेवटी ठरलं की ते नुसतं वर बघतील, आकड्याचा क्लोजअप वेगळा घेऊ, आणि आवाज डबिंगला भरू. डबिंगला त्यांना पडद्यावर ते दृश्य दाखवलं. त्यांनी ते तीनदा बघितलं. म्हणाले, "इथे माझं तोंड बंद आहे."

*

इंगळेंकडे एकच शिवी होती: 'अंदाजे'.

काही रीडर झाडाखाली बसून महिन्याभराचे आकडे टाकतात म्हणे, घरी न जाता. अशांबद्दल बोलताना इंगळेंचा आवाज खाली यायचा. "अंदाजे टाकतो तो," ते म्हणायचे, जसं एखाद्याच्या घरातलं काही वाईट सांगावं.

खुन्याचं काम करणारा मंगेश जिममध्ये घडलेला, दिसायला भारी. एका सीननंतर तो इंगळेंना म्हणाला, "काका, कसा झाला माझा शॉट? खरं सांगा हां."

इंगळेंनी विचार केला. "पोरगा मेहनती आहेस. पण अंदाजे करतोस."

मंगेश त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने जो खुनी उभा केला, त्याला तोड नव्हती! आता आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये हा शब्द रुजलाय. लग्न कसं चाललंय असं विचारलं तरी लोक म्हणतात, अंदाजे.

*

फ्रीझरचा सीन. चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, आत आइस्क्रीमवाल्याने टाकून दिलेला डीप फ्रीझर. प्रेत म्हणून प्रसादचा मेहुणा. एका जागी पडून राहण्याबद्दल त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तरी शाबासकी देणार होतं, त्यामुळे तो उत्साहात होता.

स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं: झाकण उघडतो. किंचाळतो. भिंतीला टेकतो.

इंगळेंनी झाकण उघडलं. आत बघितलं. मग झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"रबर गेलंय," ते म्हणाले.

प्रसाद मॉनिटरमागून ओरडला, "काय?"

"झाकणाचं रबर. गार हवा बाहेर जाते. म्हणून एवढे युनिट पडतात."

फ्रीझरमधून आवाज आला, "आमच्या घरच्या फ्रीजचंही तसंच झालंय हो. काय करायचं?"

इंगळेंनी प्रेताला नीट समजावून सांगितलं. कागदाची पट्टी दारात धरायची, सहज ओढली गेली तर रबर गेलं समजायचं. प्रेताने मान हलवली.

"काका!" प्रसाद रडकुंडीला आला. "आत डेड बॉडी आहे!"

"ती स्क्रिप्टमध्ये होती," इंगळे म्हणाले. "रबराचं कोणी लिहिलंच नव्हतं."

प्रसाद अर्धा तास एकटा फिरून आला आणि त्याने ते लिहिलं. सिनेमात खुनी त्या रबरामुळेच सापडतो. समीक्षकांनी या तपशिलाचं फार कौतुक केलं.

*

इन्स्पेक्टरच्या सीनसाठी प्रसादने एक वाक्य आठ दिवस घासून पुसून तयार केलं होतं. इन्स्पेक्टर दरडावतो, "तू आहेस कोण?" हिरो शांतपणे म्हणतो, "मी? मी या शहरातला अंधार मोजतो."

इंगळेंनी कागद वाचला. चष्मा काढला. "सर, अंधार मोजत नाय."

"काका, ते काव्य आहे."

"असेल. पण अंधारात मीटर फिरतच नाय. आपण उजेड मोजतो. पंखा मोजतो. गीझर मोजतो."

"बरं. पण तुम्ही म्हणायचं मात्र अंधार."

"म्हणतो की."

शॉट लागला. इन्स्पेक्टर झालेले गृहस्थ जुने नाटकवाले. त्यांनी टेबलावर हात आपटला. "तू आहेस कोण?"

इंगळेंचे ओठ हलले. 'अंधार'च्या 'अं'पर्यंत ते प्रामाणिकपणे गेले, हे मी स्वतः बघितलंय. मग त्यांच्याच्याने राहवलं नाही. "मी या एरियातला उजेड, पंखा आणि गीझर मोजतो, साहेब."

समोर नाटकवाला होता. तो चळला नाही. "एसी?"

"एसी पण."

हा टेक सिनेमात आहे. हमखास टाळी पडते. आठ दिवस घासलेलं वाक्य प्रसादच्या मोबाइलमध्ये आहे, तो कधीकधी उघडून बघतो.

*

आरे कॉलनीत पाठलाग होता. खुनी जंगलातल्या रस्त्याने पळतोय, मागे हिरो. मंगेश वॉर्मअप करून तयार. इंगळे खांद्याला बॅग लावून उभे.

"काका, जोरात पळायचं."

"सर, बत्तीस वर्षं चाललोय. पळालो कधीच नाय. पळालं की घर सुटतं."

"एकदा करून तर बघा."

अॅक्शन म्हटल्यावर मंगेश बाण सुटल्यासारखा गेला. इंगळे चालू लागले. घाई नाही, थांबणं नाही. मंगेश वळणावरून दिसेनासा झाला तरी यांची चाल तीच. पाच टेक झाले. सहाव्या टेकला मंगेश गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता आणि इंगळे त्याच चालीने त्याच्यापर्यंत पोचले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. प्रसाद 'कट' म्हणायचं विसरला. त्याला तिथे सिनेमा सापडला.

तेवढ्यात मागून बस आली. रस्ता अरुंद, बस थांबली. कंडक्टरने खिडकीतून डोकं काढलं. धापा टाकणारा दांडगा गडी आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला मीटर रीडर. त्याने इंगळेंना विचारलं, "काय मामा, तारेवर आकडा टाकलाता काय याने?"

पुढचा टेक लागेपर्यंत इंगळे गायब. शोधाशोध. शेवटी तबेल्यात सापडले. तिथल्या माणसाने बॅग बघून हाक मारली होती की आमचा मीटर जास्त पळतो. इंगळे म्हशींच्या मधे उभे राहून वर बघत होते. खुन्याला पाऊण तास पकडायला कोणी नव्हतं.

*

आता शेवटचा सीन.

सोळावा दिवस. दुपारी चारला कॅमेरा परत जायचा. फ्रीज हलवलेला. इंगळेंनी सकाळीच दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांना कंटिन्युइटीसाठी चुरगळलेला घालायला लावला, तोही त्यांनी नीट घडी पाडून घातला.

"मीटर!" बाहेरून आवाज आला. आईने दार उघडलं.

"ये रे..." ती म्हणाली आणि थांबली.

"कट. काकू, ये रे, सुदाम."

"माका ठाऊक आसा," आई म्हणाली.

दुसरा टेक. "ये रे, झिला." म्हणजे, ये रे मुला.

तिसरा टेक. "ये रे, इंगळ्या!"

चौथ्या टेकला मी वही मिटली. टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला अखेर कळलं होतं. आईने नवऱ्याचं नाव जन्मात कधी घेतलेलं नाही. बँकेत साहेबाने 'मिस्टरांचं नाव?' विचारलं की ती पासबुक पुढे सरकवते. "हयसर लिवलेला आसा, वाचा." जनगणनेला आलेल्या बाईला तिने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "हिच्या नावात मदी बगा."

मी प्रसादला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "शुभा, यार, तू कंटिन्युइटी बघतेस ना?"

मग उपाय सुरू झाले. प्रसाद म्हणाला, "काकू, सुदामा म्हणा. देवाचा मित्र. ते वेगळं नाव."

"देव वेगळो. नाव ताच."

"बरं, मग उखाण्यात घ्या! उखाण्यात चालतं ना?"

आईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दुसऱ्या बाप्याक उखाणो? तुका आवस नाय काय रे?" आई आहे, असं प्रसाद म्हणाला.

परक्या पुरुषासाठी उखाणा म्हटल्यावर दारात उभे असलेले इंगळे लाल झाले. कॅमेरामन बाहेर जाऊन हसून आला.

अकराव्या टेकला आईने मनाची सगळी तयारी केली. देवाला नमस्कार केला. दार उघडलं, डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, "ये रे, आमच्या ह्यांच्या नावाच्या!"

युनिट फुटलं. इंगळेही हसले. चौदाव्या टेकला मात्र कोणी हसत नव्हतं. आई पदराने घाम पुसत होती. इंगळे हळूच म्हणाले, "राहू द्या, सर. मावशींना त्रास नको."

"तुजा नाव चांगला आसा रे," आई त्यांना म्हणाली. "माज्या तोंडातसून येवचा नाय. काय करू?"

"काय नाय मावशी. चालतं."

साडेतीन वाजले होते. प्रसादने तो सीन मुका घेतला. दार उघडतं. म्हातारी बघते. तो बघतो. मग तो मीटरकडे बघतो. संपलं. नाव नाही, आकडा नाही.

*

सिनेमा एका महोत्सवात लागला. पेपरात आलं की शेवटच्या दृश्यातलं मौन काळजाला भिडतं. प्रसादने मुलाखतीत सांगितलं, "मला तिथे शब्द नकोच होते." मी शेजारीच बसले होते. मी कंटिन्युइटी बघते, त्यामुळे काही बोलले नाही.

मग आमच्या सेक्टरच्या हॉलमध्ये एक खेळ झाला. इंगळे बायको आणि मुलीला घेऊन आले. आई त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. शेवटचा सीन आला तेव्हा इंगळे खुर्चीत पुढे सरकले. त्या सीनमध्ये काय आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं. तरी सरकले. मला बघवलं नाही.

लाइट लागले, लोकांनी हार घातला, मुलांनी फोटो काढले. इंगळे मला म्हणाले, "चांगला झाला पिक्चर, मॅडम. नाव तेवढं राहिलं."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला ऐकायला चांगलं येतं.

पुढच्या महिन्यात ते रीडिंगला आले तेव्हा गल्लीतली पोरं ओरडली, "पिक्चरमधला मीटरवाला आला!" एवढी बढती मिळाली.

*

आता आमच्याकडे नवीन मीटर लागलेत. ते आपलं रीडिंग आपणच पाठवतात, वाचायला माणूस लागत नाही. ते लागायच्या आधीच्या महिन्यात इंगळे शेवटच्या फेरीला आले. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळचे अकरा असतील. आई जमिनीवर बसून कोलंबी सोलत होती, मी भांडी लावत होते.

"मीटर!" बाहेरून आवाज आला.

आईने 'मीटरवालो इलो' म्हणून हाक दिली नाही. मी पुढे झाले तर तिने मला हाताने मागे केलं. उठली, हात धुतले, पदराला पुसले, पदर नीट केला. दार उघडलं.

बाबा गेले त्या दिवशीही ती 'अवो, अवो' म्हणूनच रडली होती. माझ्या बेचाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकलेला नाही.

"ये रे, सुदाम," आई म्हणाली.

इंगळे उंबऱ्यावर उभे राहिले. हातातलं मशीन त्यांनी खाली केलं. मग नेहमीसारखं वर मीटरकडे बघितलं. मीही बघितलं. मीटरवर नऊ, सहा, तीन, आठ होतं. स्वच्छ दिसत होतं.

"चार," इंगळे म्हणाले. "एक. सात. दोन."

कट म्हणायला कोणी नव्हतं. दोघं तशीच उभी राहिली.